पाच मिनिटांत येणारी बस

आमच्या मुलुंडच्या त्या नव्या बसस्टॉपला झकास म्हणू नकोस यार, माझं डोकं फिरतं. वर्ल्डकपच्या मॅचेस येणार म्हणून तो बांधला. स्टीलचे बाक आणि वर बस किती मिनिटांत येणार ते सांगणारी पाटी.

त्या दिवशी आईला डायलिसिससाठी घाटकोपरला न्यायचं होतं, नऊची वेळ होती. पाटी म्हणत होती, पाच मिनिटं. अर्ध्या तासाने पण पाचच मिनिटं. रिक्षावाला एक थांबेना. मागे वीसेक माणसांची रांग, सगळ्यांच्या माना बस येते त्या बाजूला.

तेवढ्यात बसखात्याच्या गाडीतून एक साहेब उतरला, सोबत फोटोग्राफर. मी विचारलं, "साहेब, बस कुठाय?"

"या रूटच्या गाड्या आजपासून स्टेडियमला लावल्यात. पाहुण्यांसाठी."

"मग पाटी पाच मिनिटं का दाखवते?"

"तो डेमो आहे हो."

"डेमो? नऊला पोचलो नाही तर आईचं मशीन दुसऱ्याला देतील!"

तर हा शांतपणे म्हणतो कसा, "मी वर कळवतो. तोवर रांग मोडू नका ना, फोटोत छान दिसतेय."

मी बाह्या सरसावून पुढे झालो, तर आईने माझा हात धरला. फोटोग्राफर ओरडला, "सगळ्यांनी इकडे बघा, जरा हसा!"

रांगेतली एकही मान वळली नाही. आई रस्त्याकडेच बघत म्हणाली, "तुझ्या कॅमेऱ्यातून बस येणार आहे काय रे?"