इंजिनाला शेंदूर

फटफटीचं इंजिन जपायचं म्हणजे काय, ते आमच्या अण्णांकडून शिकावं. अण्णा जव्हार संस्थानचे ओव्हरसियर. नवी फटफटी घेऊन ते पोशेऱ्याहून जव्हारला निघाले, मी मागे बसलेलो. नवं इंजिन तापू द्यायचं नाही, असं विकणाऱ्याने बजावलेलं. म्हणून अण्णा बैलगाडीच्या चालीने निघाले, आणि जरा चढ लागला की उतरून इंजिनाला हात लावून बघायचे.

गावच्या वेशीवर असेच थांबलो, तर वाघदेवाच्या दगडापाशी बसलेला त्याचा भगत सोमा उठला. "नवी हाय ना? मंग देवाचा शेंदूर लावल्याबिगर नेऊ नका," म्हणाला, आणि तेलात कालवलेला शेंदूर त्याने थेट इंजिनालाच फासला. अण्णा देवभोळे, त्यांनी वाघदेवाला हात जोडले.

पुढच्या चढावर भसाभस धूर निघाला. "जळलं रे इंजिन!" अण्णा ओरडले. सोमा धावत आला. मग तिघांनी मिळून फटफटी पार जव्हारपर्यंत ढकलली. तिथे पुसून बघतो तर जळला होता नुसता शेंदूर. पहिल्याच लाथेला फटफटी सुरू झाली.

अण्णांनी सोमाकडे डोळे वटारून पाहिलं.

"बघा रावसाहेब," सोमा म्हणाला, "शेंदूर व्हता म्हून शेंदूर जळला. नायतर इंजिनच जळलं असतं."