बंगला धुतला आणि मुडी

माझं माहेर खारबावचं, शेतीचं. लग्नात बापानं सोनं थोडं दिलं, पण लाल भाताची मुडी दिली, म्हणजे काय सांगू तुम्हाला, भाताच्या पेंढ्यात बियाणं घट्ट बांधून केलेला गोळा. तो चुलीच्या वर टांगायचा, धुरानं कीड लागत न्हाय. दरवर्षी त्यातलं पेरायचं आणि नव्या भाताची नवी मुडी बांधायची. अंजूरला सासरी आले तशी ती माझ्याबरोबर आली. पुढं बाकीच्यांनी जमिनी गोडाऊनला दिल्या, आमच्यांनी बी दिल्या, बंगला झाला, पण एक तुकडा मी अडवून ठेवला, मुडीसाठी. गावात ते बियाणं दुसऱ्या कुणाकडं उरलंच न्हाय.

तर सून म्हणाली, आई, तुमच्या नातवाचं लग्न आलंय, आता ठाण्याहून सफाईची कंपनी बोलवू, मशीन घेऊन येतात. मी म्हटलं बोलव. तेव्हाची मी म्हणजे काय ध्यान होते! परकी माणसं येणार, घर घाण दिसलं तर काय म्हणतील, म्हणून आदल्या दिवशी मीच सगळा बंगला झाडला, पुसला, भांडी घासली, खिडक्या पण पुसल्या. आणि सकाळी पाटल्या घालून, गजरा माळून दारात उभी, जशी काय मुलगी बघायला येणारेत.

आले निळ्या टी-शर्टातले. त्यांचा साहेब फिरला सगळीकडं आणि म्हणतो, आजी, ये तो सब साफ है, हम क्या करें? मला तर काय अभिमान! चहा दिला. मग मशीन आणलेलं, काहीतरी करून दाखवायला नको? शिरले मागच्या पडवीत, जिथं माझी चूल. तिथं काळीकुट्ट एकच वस्तू. काढली, आपटली, फिनेलच्या पाण्यात बुचकळून पिशवीत भरली. मी आत चहाचे पेले धुण्याच्या मागं.

पडवीत येऊन चुलीच्या वर बघते तर खुंटी मोकळी! धावले तशीच, पाटल्या खणखणत, त्यांच्या टेम्पोपर्यंत. साहेब म्हणतो, आजी, घास है. घास? म्हटलं, तू रोज ताटात घेतोस तो भात काय फॅक्टरीत बनतो? माझ्या बापानं दिलेलं बियाणं आहे ते! सून मागून, आई, गप्प ना, लोक बघतात. मी म्हटलं बघू देत, आणि पिशवी फाडली. बाहेरचं सगळं भिजलेलं, फिनेलचा वास. आत खोल, गोळ्याच्या मधोमध, थोडं कोरडं होतं. तेच पदरात घेतलं. हातात मावेल इतकं. पाऊस आला तसं माझ्या त्या तुकड्यात दिलं पेरून, रोज जाऊन बघायची, उगवतं का न्हाय म्हणून. उगवलं. त्या भाताची नवी मुडी बांधली. पण सांगते, माझा राग अजून गेला न्हाय.

अजूनही सून कंपनी बोलावते. मी खाटेवर बसते, मुडी मांडीवर. आजी, पाय उचला, म्हणतात. उचलते की. मांडीवरचं न्हाय उचलत. तुम्ही माझं एवढं ऐकलंत, जरा थांबा, पसाभर बियाणं देते, कुंडीत का होईना पेरा. तुमच्या घरी उगवो.