जाळ्याच्या सुतासाठी एक छिद्र

हसन : मगे पुण्यात पण मेळणत नाय?

अक्षया : मिळतात, चाचा, पण जे मिळतात ते आपल्या कामाचे नाहीत. तयार लेव्हल शिफ्टर म्हणून जे बोर्ड विकतात, ते घरातल्या टेबलावर खेळण्यासाठी असतात. होडीच्या तळाशी, खाऱ्या हवेत, इंजिनाच्या थरथरीत ते एक हंगामही काढायचे नाहीत. गेल्या चतुर्थीला मी हेच म्हटलं होतं.

हवाबी : शिफ्टर-बिफ्टर तुमच्या पुण्यात. हयसर तेका दुभाशी म्हणतत.

अक्षया : आठवतं ना, चाची. ते नाव चाचांनीच ठेवलं.

हवाबी : तर! एका बाजूक पाच व्होल्टात बोंबलणारो सेन्सर, दुसऱ्या बाजूक सव्वातीनाच्या वर जराय सोसूक नाय असो कंट्रोलर, आणि दोगांच्या मधी दुभाशी. तो नसलो तर बिचारो कंट्रोलर जळान जाता. पयलो जळलो तेव्हा माझी नवी चादर डागाळली, तेव्हापासून सगळा पाठ आसा माका. ह्या घरात पण तसाच. हे बोंबलणारे, मी दुभाशी.

अक्षया : आणि सव्वातीन व्होल्टांचं नाजूक कोण?

हवाबी : तू होतस. धा वर्षां आधी. कट्टा गावच्या गाडयेतसून उतारलंस की चाय पिवच्या आधी सोल्डरगन हातात. पयल्याच दिवशी बोट भाजून घेतलंस आणि रडाक नाय. मी ह्येंका म्हटलंय, ह्या चेडू टिकतला.

हसन : हवाबी, चाय ठेव.

हवाबी : ठेवलंय. चुलीकडे गेलंय तरी कान हयसरच आसतले माझे.

अक्षया : चाचा, बाबलीकाकाच्या होडीचं बाबांनी फोनवर सांगितलं. म्हणूनच दोन दिवसांची रजा काढून आले.

हसन : काय सांगल्यान बापाशीन?

अक्षया : की बाबलीकाका वालावलला लग्नाला गेला होता. होडी नांगरावर होती. फळीच्या फटीतून पाणी चढत राहिलं, आणि तुम्ही बसवलेली घंटा वाजली नाही, त्यामुळे काठावर कुणाला कळलंच नाही. जेवणं उरकून तो परतला, तेव्हा इंजिन पाण्याखाली गेलेलं.

हसन : घंटा बरी होती. सेन्सर बरो होतो. पाणी इला, पाणी इला म्हणान तो आरडत होतो. मधलो दुभाशी मुको झालो. मी घंटेची पेटी खोलून बघलंय. एक सांधो सुको रवल्लो. वरसून चकचकीत, आतसून कायच धरूक नाय. ट्रान्झिस्टर केदो? तांदळाच्या कणयेएवढो. माका आता एका कणयेच्यो दोन दिसतत. खंयच्या कणयेक डाग दिलंय, अल्लाक म्हायती.

हवाबी : डाक्तरान सांगल्यान, मोतीबिंदू पिकाक लागलो, आता ह्या बारीक काम बंद. पण ह्येंची मान हलणा नाय. मी म्हटलंय, दुनियेत सगळा तयार मेळता, दुभाशी मेळाचो नाय? तर म्हणतत, अक्षयान सांगल्यान नाय म्हणान. म्हणजे नाय.

अक्षया : चाचा, तीस वर्षं तुम्ही बंदरावरचे वायरलेस सेट बोलते ठेवलेत. वादळात अडकलेल्या माणसांचा आवाज काठावर आणणारे हे हात आहेत. एका सुक्या सांध्याने ते सगळं पुसलं जात नाही.

हसन : बोलतस बरा. कविता करतस अजून?

अक्षया : क्वचित.

हसन : पुसला गेला, अक्षया. बाबली एक शब्द बोलाक नाय. पेटी काढल्यान आणि हय पायरीर ठेवन गेलो, कोणाच्या घराक मौतीचो निरोप ठेवचो तसो. तेणा शिव्यो घातल्यान असत्यो तर माका बरा वाटला असता. दुसऱ्या दिवशी आणखी पाच होड्यांच्यो पेट्यो पायरीर. कोण ठेवन गेलो, ता पण दिसाक नाय.

हवाबी : दिसला. तुमका दिसाक नाय. तुमी भिंतीकडे तोंड करून निजल्लात.

अक्षया : हे बाबांनी मला सांगितलं नाही.

हसन : कशाक सांगात? अक्षया, एक विचारू?

अक्षया : विचारा ना.

हसन : तू आज शुद्ध कित्या बोलतस?

अक्षया : सवय झाली, चाचा. तीन वर्षं तिकडे राहून जीभ वळते तशी.

हसन : सवय नाय ती. गेल्या चतुर्थीक ह्याच खुर्चेर बसान हवाबीकडे वडे मागी होतस ते मालवणीतसून. 'चाची, आणखी एक घाल गो.' आणि माझ्याशी बोर्डाचा बोलूक लागलंस तशी तलाठ्याच्या कचेरीत गेल्यासारखी बोललंस. माका तेव्हा वाटला, शिकलेला चेडू, शास्त्राचा शुद्धातच सांगात.

अक्षया : तसं काही मनात नव्हतं.

हसन : बरा. ता भिंग घे. दिवो हडे वड. माझ्या डोळ्यांक दिसणा नाय, तू बघून सांग.

(हसन फडक्याची घडी उलगडून अंगठ्याएवढा हिरवा बोर्ड दिव्याखाली ठेवतो. त्याला तो धुक्यातल्या होडीसारखा पुसट दिसतो. पण त्याची प्रत्येक कड कुठे वळते, हे त्याच्या बोटांना चार दिवसांपासून ठाऊक आहे. चार दिवस ती बोटं त्याच एका जागी जाऊन थांबत आली आहेत.)

अक्षया : हा… लेव्हल शिफ्टर आहे.

हसन : ता माका म्हायत आसा. सांध्यांचा सांग.

अक्षया : यंत्रावर केलेले आहेत.

हसन : एक तरी सुको?

अक्षया : नाही.

हसन : एक तरी वाकडो?

अक्षया : नाही, चाचा. सगळे स्वच्छ आहेत.

हवाबी : आमच्या कैफान मागवल्यान. माझो भाचो, कुडाळाक असता. ह्येंचा डोळे फोडून घेणा माका बघवला नाय. म्हटलंय, कैफा, मोबायलात बघ रे, असलो दुभाशी तयार खंय गावता काय. पाच मिन्टां, गो! माझी चाय उकळापर्यंत तेणा सोधल्यान. चवथ्या दिवशी पुडी दारात. धा बोर्ड. 'खारी हवा आणि थरथर सोसणारो' असा लिवलेला, तेणा माका वाचून दाखवल्यान.

अक्षया : बाजारात रोज काहीतरी नवं येत असतं, चाची. हा कदाचित गेल्याच महिन्यात आला असेल. माझ्या पाहण्यात नव्हता.

हवाबी : असात. असात, बाय.

हसन : छिद्रां मोज.

अक्षया : कसली?

हसन : बोर्डाची. मोज.

अक्षया : तीन.

हसन : दोन कोपऱ्यांक, ती स्क्रूची. तिसरा कशाचा?

अक्षया : तुम्हाला ठाऊक आहे, चाचा.

हसन : सांग. मी शिकवलंय तुका.

अक्षया : जाळ्याच्या सुतासाठी. खाऱ्या हवेत स्क्रू गंजतात, थरथरीने सैल होतात. म्हणून तिसऱ्या छिद्रातून सूत ओवायचं आणि बोर्ड पेटीला बांधायचा.

हसन : पुण्यात होड्यो चलतत?

हवाबी : चलत असतीत. पावसात, रस्त्यार.

हसन : आणि ता छिद्र मधी कित्या नाय?

अक्षया : चाचा, पुरे.

हसन : पुरे नाय. भिंगातसून बघ. कडेच्या बरोब्बर मधी होवक व्हया होता. डावीकडे सरकलेला आसा, दोन-अडीच मिलीमीटर. कारण माझ्या पयल्या बोर्डार थंय मधी कपॅसिटर होतो. छिद्राक जागा नव्हती, म्हणान मी ता बाजूक घेतलंय. मगे कळला, कपॅसिटराची गरजच नाय. तो काढलंय. छिद्र थंयच रवला. माझ्या आळसान. आता सांग माका, दुनियेत आणखी खंयच्या माणसाक ता छिद्र डावीकडे सरकवचा कारण आसा?

अक्षया : कुणालाच नाही.

हवाबी : चायेत साखर घालू की नको, कोण सांगता?

हसन : रवांदे चाय.

अक्षया : पुण्याच्या कंपनीत मुलाखतीला गेले, तेव्हा त्यांनी स्वतःचं एखादं काम दाखवायला सांगितलं. माझ्याकडे स्वतःचं म्हणावं असं काहीच नव्हतं; जे होतं ते या टेबलावरचं होतं. तुम्ही वहीच्या पानावर काढलेली ही रचना मी संगणकावर उतरवली होती, तुम्हालाच दाखवायला म्हणून. तीच पुढे केली. त्यांनी विचारलं, हे तिसरं छिद्र कशाला? मी समुद्राचं सांगितलं, सुताचं सांगितलं, आणि माझ्या तोंडून तुमचं नाव येता येता राहिलं. एवढंच झालं, नाव राहिलं. मग त्यांनी तो बोर्ड विक्रीला काढला. पहिला नग हातात आला तेव्हा ठरवलं होतं की चतुर्थीला आले की तुमच्यासमोर ठेवायचा. तो माझ्या पिशवीत होता, चाचा. त्या दिवशी, याच खुर्चीच्या पायाशी.

हसन : पिशवीत होतो?

अक्षया : हो.

हसन : मी विचारलंय तेव्हा?

अक्षया : तेव्हाही.

हसन : हवाबी, आयकलंस? पिशवेत होतो.

हवाबी : आयकलंय. वडे बांधून दिलंय मी त्याच पिशवेत.

हसन : अक्षया, तू रचना नेलंस, तेचा माका कायच नाय. खरा सांगतंय. मी ती खंय पोटातसून घेवन इल्लंय? मी पण खंयच्यातरी पुस्तकात बघून शिकलंय. तू त्या दिवशी पिशवेतसून तो काढून हय ठेवलं असतंस आणि म्हटलं असतंस, 'चाचा, तुमचो दुभाशी मी माझो म्हणान दाखवलंय', तर मी अर्धो दिस फुगान बसलंय असतंय आणि सांजचो बंदरार जावन सगळ्यांका बोर्ड दाखवलंय असतंय. माझो दुभाशी यंत्रार झालो म्हणान.

अक्षया : मला ते ठाऊक असायला हवं होतं.

हसन : माका लागला ता दुसरा. मी तुका डोळ्यांचा सांगलंय. हवाबीक सांगूच्या आधी तुका सांगलंय, एकाच्यो दोन दिसतत म्हणान. मगे विचारलंय, तयार मेळात काय. आणि तू बघलंस माझ्या डोळ्यांकडे, पिशवेत तो असताना, आणि म्हणालंस नाय. आठ म्हयने मी त्या 'नाय'वर बसान डाग दिलंय. बाबलीच्या पेटीतलो दुभाशी चतुर्थीनंतरचो.

अक्षया : माका भय वाटला, चाचा.

हवाबी : इली मालवणी.

अक्षया : माका वाटला, तुमी बोर्ड हातात घेतलास की बोटानच वळाखतलास. डोळे गेले तरी बोटां गेली नाय तुमची. म्हणान खोटा बोललंय. आणि एकदा बोललंय ता फिरवूक मेळाक नाय. आज पण, हयसर येईसर गाडयेत ठरवी होतंय, सांगतंय, सांगतंय. आणि तुमी विचारलास तशी पुन्हा त्याच तोंडातसून त्याच इला.

हसन : दोनदा.

अक्षया : होय. दोनदा. मी बाबलीकाकाकडे जातंय. आत्ताच. तेका सांगतंय, चूक चाचांची नाय, माझी आसा.

हसन : सुको सांधो माझो. तो कोणाक देवचो नाय मी.

अक्षया : मगे कंपनीत सांगतंय. बोर्डार तुमचा नाव घालूक लावतंय.

हवाबी : घाल हो. बारीक अक्षरात घाल. ह्येंका वाचूक दिसणा नाय, म्हणजे झाला.

अक्षया : चाची, तू तरी असा बोलू नको.

हवाबी : मगे कसा बोलू? माझ्या घरात तुझ्यासाठी वायली, वेगळी थाळी कधी ठेवलंय नाय. रोज्याच्या म्हयन्यात पण तुका दुपारचा जेवण करून वाढलंय, हे दुकानात उपाशी आणि तू हय माशाचा कालवण जेवतस. तेव्हा आमी दोगां म्हणी होतो, आपणाक चेडू नाय त्याचा बरा झाला, ह्या मेळला. चाय पी. थंड झाली.

हसन : बोर्ड बरो आसा, अक्षया. माझ्यापरास बरो. सहा पेट्यो आसत, सहांत हेच बसवतलंय. सोल्डर करूची गरज नाय, नुसत्यो तारो खोचूच्यो. सूत ओवूक डोळे लागणत नाय. उद्या जावन बाबलीच्या पायरीर पेटी ठेवतलंय. घेतल्यान तर घेतल्यान.

अक्षया : सूत मी ओवू?

हसन : नको.

अक्षया : मी नुसती हय बसतंय. तुमी ओवा.

हवाबी : साडेपाचची कट्ट्याची गाडी चुकतली तुझी.

अक्षया : चाचा, मी उठतंय. पण कायतरी सांगा माका. एखादा काम. कसला पण.

हसन : एक काम आहे.

अक्षया : सांगा.

हसन : तुमच्या कंपनीत पुढची खेप काढाल, तेव्हा ते तिसरं छिद्र मध्यभागी घ्या.

अक्षया : मधी घेतला तर… चाचा, मगे त्येच्यात तुमचा कायच रवाचा नाय.

हसन : डावीकडे ठेवायला आता काही कारण नाही.