खवल्याचा मासा

मंडळी,

तुम्ही सगळे आलात. सोसायटीतले आलात, आमच्या समाजाची पनवेलात उरलेली चार घरं आली, पार मोऱ्याच्या कोळीवाड्यातून माणसं आली. मी तीस वर्षं शाळेत शिकवलं, बोलायला कधी घाबरले नाही. आज मात्र कुठे अडखळले, तर सांभाळून घ्या.

आमची आई, रिबकाबाई, त्र्याण्णव वर्षं जगली. माझी भावंडं इस्राएलला गेली, तिलाही बोलावत राहिली. ती फोनवर विचारायची, "तिथे जिताडा मासा मिळतो का?" नाही म्हटलं की विषय संपला!

तुम्हाला ठाऊक आहे, आम्हा ज्यूंना पंख आणि खवले असलेलाच मासा चालतो. कोळंबी, चिंबोरी नाही. आईचा मासा मोऱ्याच्या कोळीण जनामावशीकडचा. मावशी डोक्यावर पाटी घेऊन दारात आली की आईचं पहिलं वाक्य ठरलेलं, "आधी पाटी खाली ठेव, मग बोल." मग मावशी नखाने एक खवला काढून दाखवायची. "बघ बाय, खवल्याचा हाय." नसला, तर सरळ सांगायची, "आज तुज्यासाठी काय नाय." आईने तिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला.

आता एक कबुली. मी दहा वर्षांची असताना मावशीच्या दिराच्या लग्नाला मोऱ्याला गेले होते. पंगतीत कोळंबीचं कालवण होतं. मावशीचं लक्ष जाईपर्यंत माझं ताट साफ! तिने कपाळाला हात लावला. मी आणखी हवं म्हणून रडायला लागले, तेव्हा तिनेच वाढलं. म्हणाली, "आयशीला सांगू नको." मी नाही सांगितलं. तिनेही नाही.

त्या दिवशी आईला दफन करून आलो, तर मावशी जिन्यातच बसून राहिली. घरात येईना. माझा हात धरून म्हणाली, "मी तुज्या आयशीला फसवली गं. आता कोनाला सांगू?" मला तेव्हा बोलताच आलं नाही. म्हणून आज सगळ्यांसमोर सांगते.

मागच्या महिन्यात मावशी आईला भेटून गेली. ती गेल्यावर आई अंथरुणातून म्हणाली, "काय गं, कोळंबी कशी लागते?"

मी म्हटलं, "मला काय ठाऊक?"

"मोऱ्याहून आलीस, तेव्हा हाताला वास होता तुझ्या."

बावन्न वर्षं, मंडळी! बावन्न वर्षं ती गप्प होती. मी विचारलं, "मग ओरडली का नाहीस?"

"ओरडले असते, तर जनीने लाजून येणं सोडलं असतं. मासा काय, बाजारातही मिळतो."

मग म्हणाली, "खरं सांग, कशी लागते?"

"गोड लागते, आई."

तिने जरा विचार केला. "बरं झालं, खाल्ली नाही. सवय लागली असती."

अशी होती आमची आई. नियम तिने स्वतःपुरता कडक पाळला. माणसांना मात्र तिने सूट दिली. मला तिची फार आठवण येते. सकाळी दोन कप चहा टाकते आणि मग लक्षात येतं.

आता आपण दोन मिनिटं उभे राहून शांत राहू. जनामावशी, तू उठू नकोस, तुझे गुडघे दुखतात. आईला सगळं ठाऊक होतं गं. आता पाटी खाली ठेव.