तुला वाटेल तसं

[नॉर्थ डकोटा. एप्रिलचा पहिला शुक्रवार, दुपारची वेळ. सिनेटर आर्विड टॉलेफसन यांच्या शेतघरातलं स्वयंपाकघर. तिथे ते स्वतः, त्यांची पत्नी मारिट आणि प्रचारप्रमुख कोरा. कॅमेरा चालू आहे.]

आर्विड : …पावणेपाचला जाग येते. गजर लावावा लागत नाही. दिवा न लावता उठायचं, लोकरीचे मोजे चढवायचे आणि जिना उतरायचा. चौदा पायऱ्या. नववी करकरते म्हणून ती वगळायची, कारण मारिटची झोप सावध. खाली येऊन चुलीत दोन ओंडके सारायचे आणि वर कॉफीचं भांडं ठेवायचं. तोवर ओले, आमचा कुत्रा, दार खरवडायला लागलेला असतो. त्याला बाहेर सोडायचं आणि दारातच क्षणभर उभं राहून वारा कुठून आहे ते बघायचं. पाच वाजता रेडिओवर गव्हाचा भाव. मग निळ्या कपात मारिटची कॉफी, तिच्यात दोन चमचे साय. आणि चमचा… चमचा इथेच… थांबा हं…

कोरा : कट! फार सुरेख होतं सिनेटर, अगदी गहिवरून यावं असं. फक्त तो चमचा. तुम्ही तीन खण उघडलेत. एकातून सुतळी निघाली, एकातून कुत्र्याचं औषध.

मारिट : चमचे खिडकीखालच्या खणात असतात. सात वर्षं झाली.

आर्विड : सात?

मारिट : नवं सिंक बसवलं तेव्हापासून. तुला फोनवर सांगितलं होतं. तू म्हणालास, ‘छान, छान.’

कोरा : हरकत नाही, परत घेऊ. पण बघा, आपण हे कशासाठी करतोय? आपल्याविरुद्ध उभ्या असलेल्या हॉफच्या जाहिरातीला उत्तर म्हणून. ‘सिनेटर टॉलेफसन राहतात कुठे?’ असं विचारतात आणि पेट्रोल पंपावरचा माणूस, शाळेतल्या बाई, न्हावी, सगळे एकामागून एक पूर्वेकडे, वॉशिंग्टनकडे बोट दाखवतात. अख्खं राज्य हसतंय. माझे वडील हसले, आणि ते तुम्हाला तीनदा मत दिलेले! त्यावर आपलं उत्तर काय, तर हे स्वयंपाकघर. आणि स्वयंपाकघरात सिनेटरना चमचा सापडेना. हे बाहेर गेलं तर हॉफ नोव्हेंबरपर्यंत नुसता झोपून राहिला तरी निवडून येईल.

मारिट : मग एका चमच्याचंच काय घेऊन बसलीस, पोरी? कुठे आहे ती चूल?

कोरा : म्हणजे? ही काय… अरे देवा. हा तर गॅस आहे.

मारिट : चूल काढली त्याला सहा हिवाळे झाले. ओंडके उचलवत नव्हते. आणि झोपायला मी वर जातच नाही. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून पलंग खालच्या खोलीत आणला. करकरेना का ती नववी पायरी, तिच्यावरून जातंय कोण!

कोरा : आणि ओले? तो तरी…

मारिट : ओले सफरचंदाच्या झाडाखाली पुरलाय. आता पेनी आहे. काल रात्री यजमान घरात आले तर ती त्यांच्यावर गुरगुरली.

आर्विड : बिस्किट दिल्यावर गप्प बसली.

मारिट : बिस्किट दिलं तर ती हॉफच्याही मांडीवर बसेल.

कोरा : एक मिनिट. तुम्ही कॅमेऱ्याची मंडळी जरा गोठ्याकडे जाऊन चित्रण करून या. हो, सगळे जा. आणि तो मोठा दिवा बंद करा… दार लावून घ्या. हं. सिनेटर, रागावू नका, पण हे सगळं तुम्ही कुठून पाठ केलंत? मी तर असं काही लिहून दिलं नव्हतं.

आर्विड : पाठ नाही केलं, कोरा. वॉशिंग्टनच्या त्या घरात मी रोज असाच उठतो. जाग आली की डोळे लगेच उघडत नाही. पडल्या पडल्या आधी हा जिना उतरतो, एकेक पायरी. चूल, ओले, वारा, निळा कप. मारिट खाली आली की मग डोळे उघडायचे. समोर कपाट असतं, आणि खाली रस्त्यावर कचऱ्याची गाडी. अठरा वर्षांत एक दिवस चुकला नसेल. तू म्हणालीस, रोजची सकाळ सांगा. मी रोजची सकाळच सांगितली.

मारिट : …कॉफीत साय नको असते मला. पित्ताशय काढल्यापासून डॉक्टरांनी बंद केलीय.

आर्विड : ते माहीत आहे मला.

मारिट : माहीत आहे, पण सवयीचं नाही. दोन्हीत फरक आहे.

आर्विड : पित्ताशय काढलं त्या दिवशी मतदान होतं, मारिट. एका मताने पडत होतं ते विधेयक.

मारिट : ठाऊक आहे मला. लहान गावांतल्या हॉस्पिटलांचं विधेयक. मी त्याच हॉस्पिटलात होते. अकरा खाटा, स्वच्छ चादरी. नर्स येऊन म्हणाली, तुमच्या यजमानांचे आभार मानायचे आहेत, त्यांच्यामुळे हे दार उघडं आहे. मी म्हटलं, भेटले की सांगते.

कोरा : हेच! मिसेस टॉलेफसन, हेच तुम्ही कॅमेऱ्यासमोर बोला. चूल, पायऱ्या सगळं राहू दे. तुम्ही खाटेवर आहात, ते तिकडे मत देताहेत, आणि…

मारिट : नाही.

कोरा : का? खरं तर आहे ना?

मारिट : खरं आहे म्हणूनच. ते माझं आहे, पोरी. त्यावर मतं मागायची नाहीत. ही लेफ्से खा, बटाट्याची पोळी, लोणी-साखर लावून ठेवलीय. सकाळपासून नुसत्या कॉफीवर बोलते आहेस.

कोरा : …चांगली झालीय. आमची आजी अशीच पातळ करायची. बरं, मग तुमची सकाळ सांगा. खरी. काहीतरी घेऊ त्यातलं.

मारिट : माझ्या सकाळीत काय बघण्यासारखं आहे? चारला उठते. या महिन्यात पहिलारू कालवडी विणाऱ्या असतात, त्यांना बघावं लागतं. गुडघ्याला पट्टा बांधते. बॅटरी घेऊन गोठ्यात जाते, शेपट्या वर आहेत का बघते. एखादी अडली असेल तर शेजारच्या शेलला हाक मारायची. तोही सत्तरीकडे आलेला, दोघं मिळून एका धडधाकट माणसाचं काम करतो. साडेपाचला घरात. हात धुवायचे, काळी कॉफी घ्यायची. मग सव्वासहा वाजायची वाट बघायची.

कोरा : सव्वासहाला काय असतं?

मारिट : ह्याला फोन. तिकडे सव्वासात झालेले असतात, हा गाडीत असतो. अकरा मिनिटं मिळतात. बाराव्या मिनिटाला तो म्हणतो, ‘पोचलो गं.’ पहिली पाच मिनिटं तो हवा विचारतो.

आर्विड : मला हवा ऐकायची असते.

मारिट : ठाऊक आहे. म्हणून तर थंडी असली की जास्तच सांगते. उणे वीस असलं की उणे पंचवीस.

आर्विड : का?

मारिट : तेवढीच दोन वाक्यं जास्त बोलतोस.

कोरा : …मी बाहेर जाऊन येऊ का?

मारिट : बस गं. तुझा तो कागद पिशवीतून डोकावतोय मघापासून.

कोरा : उमेदवारीचा अर्ज आहे. सिनेटरांची एक सही हवी, बस. नोटरीचा शिक्का माझ्याकडेच आहे. सोमवारी दुपारी चारच्या आत राजधानीत, बिस्मार्कला पोचवायचा. म्हटलं, चित्रण झालं की इथेच टेबलावर सही. तुम्ही शेजारी उभ्या. एक छान फोटो.

मारिट : मी शेजारी असेन, पण फोटोत नको. आणि आर्विड, सही करायच्या आधी एक सांगायचं होतं. रात्री तू दमलेला होतास. मी शेलशी बोलले आहे. ह्या वेताची वासरं चारा खाती झाली की गायी तो घेऊन जाणार. सगळ्या.

आर्विड : सगळ्या? का?

मारिट : मी वॉशिंग्टनला येणार. नोव्हेंबरात तू निवडून आलास की जानेवारीत. आता मी सत्तरची आहे. आणखी सहा वर्षं अकरा अकरा मिनिटांवर काढणं मला जमायचं नाही. हिशेब नको करायला, पण जमायचं नाही. घराला कुलूप लावू. पेनीला शेल ठेवून घेईल.

आर्विड : तिथे खिडकीतून नुसती भिंत दिसते, मारिट. तुला वाऱ्याचा आवाज नसला तर झोप येत नाही.

मारिट : तुझं घोरणं असेल.

आर्विड : तू कधी म्हणालीच नाहीस. डिसेंबरात मी विचारलं होतं, अगदी इथेच बसून. परत उभा राहू का? तू म्हणालीस, ‘तुला वाटेल तसं कर.’

मारिट : हो. म्हणाले.

आर्विड : मग?

मारिट : मग काय! आपल्याकडे कधीपासून त्याचा अर्थ ‘हो’ व्हायला लागला?

कोरा : …बाई गं.

आर्विड : काय झालं?

कोरा : सिनेटर, माझ्या आईनं वडिलांना ‘तुला वाटेल तसं’ म्हटलं ना, की ते आपली होडी विकायला काढायचे. राज्यातल्या कुठल्याही शेंबड्या पोराला कळतं हे.

मारिट : ह्यालाही कळायचं. लग्नानंतर पहिल्या वर्षी ह्यानं विचारलं, ट्रॅक्टर लाल घेऊ का? मी म्हटलं, तुला वाटेल तसं. हा मुकाट्यानं हिरवा घेऊन आला.

आर्विड : तिकडे ह्याचा अर्थ होकार धरतात. माणसं सभागृहात म्हणतात, ‘सन्माननीय सदस्यांना वाटेल तसं’, आणि आपण त्यांचं नाव समर्थनात लिहून घेतो. मी… मी तुझं नावही तसंच लिहून घेतलं, मारिट.

मारिट : जाऊ दे. मीसुद्धा जरा मोठ्यानं बोलायला हवं होतं. बायकोचं मन मोडायला हॉफ लागत नाही, गैरसमज पुरतो.

आर्विड : मोडलं होतं?

मारिट : तेवढंही वाईट नव्हतं.

कोरा : सिनेटर, मला बोलू द्या. अकरा वर्षं मी तुमच्याबरोबर आहे. तुम्ही असलात तर आपण तीन टक्क्यांनी जिंकतो. तुम्ही नसलात तर नाही. एवढं सरळ आहे. हॉफ त्या हॉस्पिटलांच्या विरुद्ध बोलतो, उघड उघड. आणि माझ्या कचेरीत सव्वीस माणसं आहेत. त्यांनी नोव्हेंबरपर्यंत खोल्या घेतल्यात. माझं लग्न जूनमधून डिसेंबरात ढकललंय मी.

मारिट : हे मला कुणी सांगितलं नाही. कोण आहे?

कोरा : पशुवैद्य आहे. बरा आहे. पण ते आत्ता नको.

आर्विड : तू म्हणतेस ते सगळं खरं आहे, कोरा. त्यातलं एकही अक्षर खोडून काढता येणार नाही मला. कदाचित आपण हरू. कदाचित त्या अकरा खाटा जातील, आणि लोक माझं नाव घेऊन शिव्या देतील, आणि त्या मला लागतील. पण मी आत्ता कॅमेऱ्यासमोर जे घर सांगितलं, ते सहा-सात वर्षांपूर्वीच विझलं. मी रोज पहाटे एका रिकाम्या घराचा जिना उतरत होतो. आणि आता उरलेलं खरं घर कुलूप लावून ती माझ्या मागे येणार, एका भिंतीसमोर बसायला. मग सिनेटमध्ये मी कुणाच्या वतीनं बसायचं?

मारिट : माझ्यासाठी करू नकोस हं. नंतर तोंड पाडून बसलास तर मला खपणार नाही. मी येते म्हणाले म्हणजे येते. मनापासून.

आर्विड : तुझ्यासाठी नाही. मला घरी यायचंय, मारिट. मला फार दिवसांपासून घरी यायचंय. विचारायचं कुणाला, तेच कळत नव्हतं.

कोरा : म्हणजे… सही नाही.

आर्विड : नाही. कचेरीत काही सांगू नकोस. उद्या सकाळी मी स्वतः येतो, सव्वीस जणांना एकेकाला भेटतो. पक्षाला दोन दिवस आहेत, माणूस शोधायला पुरतील. जो कुणी उभा राहील त्याच्यासाठी मी दारोदार हिंडेन. मला या राज्यातला प्रत्येक कुत्रा ओळखतो.

मारिट : पेनी सोडून.

आर्विड : पेनी सोडून. रागावलीस, कोरा?

कोरा : हो. फार. पुढचा आठवडाभर तरी रागावलेलीच असेन. …तो अर्ज द्या इकडे. मी फाडणार नाही, मला तसलं नाटक जमत नाही. फाइलमध्ये ठेवते. आणि मिसेस टॉलेफसन, आणखी एक लेफ्से मिळेल का?

मारिट : सगळी घे. तुझ्या पशुवैद्यालाही ने बांधून.

आर्विड : मारिट, फोन इकडे दे जरा, पक्षाच्या अध्यक्षाला आत्ताच सांगून टाकतो. नाही, माझा नको, भिंतीवरचा हवा. …हॅलो, हॅरोल्ड? आर्विड. मुलं बरी? …ऐक, सोमवारी माझा अर्ज यायचा नाही. …नाही, उशीर नाही होणार. येणारच नाही. …तब्येत ठणठणीत आहे. …कुणी धमकावलं नाही रे. हॉफ? त्याच्यात कुठला एवढा दम! …पटलं नाही तरी चालेल. …आत्ता? आत्ता घरी आहे. …जानेवारीनंतरही घरीच. पेन आहे का हाताशी? इथला नंबर लिहून घे.