घग्गरमध्ये सोडलेला सोन्याचा नारळ

नाही, पण मी म्हणतो, समुद्रापासून हजार मैलांवर बदली झालेल्या माणसाला नारळी पौर्णिमा पाळायची गरजच काय? बायकोच्या हातची बर्फी खा, दुपारी पंख्याखाली आडवा हो! अख्खं चंदीगड राखीच्या दिवशी तेच करत होतं. पण श्यामसुंदर केळुसकर पडला वेंगुर्ल्याचा, आणि वेंगुर्ल्याच्या माणसाला नेऊन हिमालयाच्या टोकावर ठेवलात तरी तो आधी विचारणार, ‘हय मासे खय गावतत?’ तुम्हाला सांगतो, सेक्टर एकोणचाळीसच्या सरकारी प्रयोगशाळेत यंत्रं दुरुस्त करायची नोकरी, सरकारी क्वार्टर, बायको पद्मजा, मुलगी वीणा, सगळं यथास्थित... आणि हा माणूस तीन वर्षं झोपेत वल्हं मारायचा.

आणि काळ कुठला? साल नव्वद, पंजाब पेटलेला! सकाळी पेपर उघडला की आधी मेलेल्यांचा आकडा, मग हवामान. अंधार पडायच्या आत माणसं घरात. बसमध्ये पाटी, ‘सीट के नीचे देखिए’. कुणाचा डबा बाकावर राहिला तर बाक सोडून गल्ली रिकामी! अशा दिवसांत हा गृहस्थ गॅरेजमध्ये बसून काय करतो, तर फायबरची होडी बनवतो. एका माणसापुरती, शेंगेसारखी निमुळती, वल्ह्याला दोन्हीकडे पाती. लहानपणी खाडीच्या कोमट, गुडघाभर पाण्यात तो असाच डोणीत बसून तांबोशी मासे गरवायचा. लवचिक काठी, केसाएवढा दोरा, नखाएवढा गळ, आमच्या भाषेत गरी. बारीक दोऱ्यावर मोठा मासा दमवत दमवत आणण्यातच खरी मजा, असं त्याचं म्हणणं. जाळं काय, कोणीही टाकतं!

डेराबस्सीच्या रस्त्याला घग्गर नदी लागते. पुलाच्या अलीकडे पाणी पसरतं, उथळ होतं, उन्हानं अंघोळीच्या पाण्याइतकं गरम होतं. ते पाहिलं आणि स्वारी पाघळली. होडी ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या ट्यूबवेलच्या खोलीत नेऊन ठेवली. एप्रिलपासून होडी तयार, काठी तयार, मामेभावानं बोटीवरून आणलेली दोरा गुंडाळायची रीळ तयार. मग गेला का? छे! पावसाळा लागेपर्यंत म्हणे रंग वाळला नाही, आणि पावसाळा लागल्यावर आजोबांचा नियम आडवा आला. नारळ दिल्याशिवाय गरी पाण्यात नाही म्हणजे नाही!

पद्मजानं समजावलं. म्हणाली, तीन आठवड्यांपूर्वी त्याच पुलावर डबा फुटून एक शिपाई गेला, विसरलात? वीणा तर मराठीतलं ऐकून हिंदीतच बोलणारी. ‘पापा, मछली तो मार्केट में भी मिलती है.’ पण ऐकतो कोण? सकाळी दहाला स्कूटरच्या डिकीत नारळ. आणि नुसता नारळ नाही हं! सोन्याचा नारळ! आमच्याकडे समुद्राला द्यायचा नारळ सोनेरी कागदात गुंडाळतात, वर लाल दोरा. यानं मिठाईच्या डब्यावरचा चकचकीत कागद जपून ठेवला होता. अरे, साधा दिला असतास तर घग्गर काय परत करणार होती?

पाण्याच्या कडेला उभा राहून त्यानं गाऱ्हाणं घातलं. ‘बा समुद्रराया म्हाराजा, तू हय नाय, पण ह्या पाणी खयतरी तुकाच येवन मिळता...’ तुम्हाला सांगतो, मिळत नाही! घग्गर राजस्थानच्या वाळूत जिरते, समुद्राचं तोंडसुद्धा बघत नाही! पण नारळ दिल्याशिवाय गरी पाण्यात नाही. दिला सोडून. नारळ डुलत डुलत निघाला, आणि हा वल्हं मारत उथळात शिरला.

आणि दहा मिनिटांत मासा लागला हो! तीन वर्षांनी! चांगला दोन-अडीच किलोचा असावा, कारण काठी कमान झाली, रीळ कर्रर्र करत फिरायला लागली, आणि मासा जो सुटला तो थेट पुलाच्या दिशेनं. श्यामसुंदरच्या डोळ्यांत पाणी. त्याला पूल दिसत नव्हता, नदी दिसत नव्हती. तो वेंगुर्ल्याच्या खाडीत होता.

आता तुम्ही पुलावर उभे राहून बघा. वाळूच्या पोत्यांआड सहा जवान. त्यांतला एक हवालदार बलकारसिंग. तीन आठवड्यांपूर्वी जो गेला तो याचाच जोडीदार, अकरा वर्षांपासूनचा. आणि बलकारसिंगला काय दिसतं? पुलाच्या खांबाला ठक ठक आपटणारा एक सोनेरी गोळा, त्याला बांधलेला लाल दोरा. शंभर पावलांवर एक काळासावळा माणूस, अजब होडीत. त्याच्या हातात यंत्र. यंत्रातून निघालेली बारीक तार उन्हात चमकत पाण्यातून थेट गोळ्याकडे! आता सांगा, तुम्ही काय समजला असतात?

शिट्ट्या! पळापळ! दोन्हीकडच्या बसमधून माणसं उतरून शेतात पालथी. पोत्यांआडून भोंगा ओरडला, ‘हाथ ऊपर!’ श्यामसुंदरनं हात वर केले. पण काठी सोडली का? नाही! काठीसकट वर! रीळ कर्रर्र! त्या आवाजासरशी सहा बंदुकांचे घोडे चढले. बलकारसिंग पंजाबीत ओरडला, ‘तार छड्ड ओए!’ बाजूचा जवान हिंदीत किंचाळला, ‘छोड़ना मत, फट जाएगा!’ एक म्हणतो सोड, एक म्हणतो सोडू नकोस, आणि मासा म्हणतो मी चाललो! श्यामसुंदरनं, तुम्हाला सांगतो, सवयीनं, निव्वळ सवयीनं, रीळ अर्धा फेरा गुंडाळली.

सुटल्या गोळ्या. एक पाण्यात. एक होडीच्या पोटातून आरपार. तिसरी त्याच्या कानाची पाळी घेऊन गेली. कानशिलावरून ऊन ऊन रक्त वाहिलं तेव्हा वेंगुर्लं संपलं आणि घग्गर सुरू झाली. होडी बुडाली. गुडघाभर पाण्यात बुडून बुडणार किती? हा चिखलात उभा, काठी हातात, दोरा तुटलेला, मासा गेलेला.

मग जवान पाण्यात उतरले आणि मार सुरू झाला. बंदुकीचा पहिला दस्ता गळ्याच्या हाडावर, ते काडकन वाजलेलं त्यानं स्वतः ऐकलं. दुसरा तोंडावर, दोन दात पाण्यात. मग बूट. बरगड्यांत, पाठीत, पडल्यावर डोक्यात. ‘रिमोट कहाँ है? और कितने हैं?’ बलकारसिंग त्याचं डोकं केसांनी धरून पाण्याखाली दाबायचा, वर काढायचा, परत दाबायचा, आणि मारताना तो रडत होता. श्यामसुंदर रक्ताच्या गुळण्या टाकत एकच सांगत होता, ‘नारियल है साब, पूजा का नारियल है.’ कोण विश्वास ठेवणार? उद्या तुम्हाला कोणी सांगितलं की बॉम्ब नाही, खोबरं आहे!

शेवटी इन्स्पेक्टर आला. म्हणाला, नारळ आहे ना? मग जा, तूच उचलून आण, आमच्यासमोर फोड.

इथे, तुम्हाला सांगतो, तो माणूस अडला! तुटलेलं हाड, फुटलेलं तोंड, पाठीला बंदूक, आणि हा म्हणतो, ‘साब, दिया हुआ वापस नहीं लेते.’ कारण आजोबांचं वाक्य अर्धंच सांगितलं मी तुम्हाला. नारळ दिल्याशिवाय गरी पाण्यात नाही, आणि दिलेला नारळ परत हातात घेतला तर समुद्र माणूस घेतो. इन्स्पेक्टरला वाटलं, फुटेल म्हणून घाबरतोय. त्यानं बलकारसिंगला खूण केली. बलकारसिंगनं बंदुकीची नळी त्याच्या शाबूत कानाला लावली आणि अगदी हळू म्हणाला, ‘जा. नहीं तां मैं हुणे मारदा.’

त्या वेळी श्यामसुंदरला पद्मजा आठवली. वीणाची दुपारी बांधायची राखी आठवली, भाऊ नाही म्हणून ती बापालाच बांधायची. समुद्र दूर होता आणि बंदूक जवळ होती. तो गेला. एका हातानं खांबाजवळचा नारळ उचलला, समुद्राची माफी मागितली, कागद फाडला आणि नारळ खांबावर घातला. सगळे पालथे पडले. पहिल्या घावाला फुटेना! दुसऱ्या घावाला फुटला, पाणी सांडलं, पांढरंशुभ्र खोबरं.

कोणी हललं नाही. मग बलकारसिंग उठला, पाण्यातून चालत आला, खोबरं बघितलं, हुंगलं, आणि श्यामसुंदरच्या थोबाडीत एवढ्या जोरात ठेवून दिली की हा पुन्हा आडवा. बॉम्ब होता तोवर ठीक होतं, नारळ निघाला म्हणून मारलं! आणि मग तिथेच चिखलात त्याच्याशेजारी बसून तो हमसून हमसून रडला. ‘मेरा यार डब्बे च गया,’ एवढंच म्हणत राहिला. श्यामसुंदरनं काय करावं? मोडक्या हाडाच्या माणसानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग त्याच हातानं अर्धी वाटी पुढे केली. समुद्राचा नारळ घग्गरच्या काठी सहा जवानांनी आणि एका इन्स्पेक्टरनं खाल्ला.

पण गोळ्या तर झाडल्या होत्या! तीन काडतुसांचं काय सांगायचं? नारळावर झाडली? इन्स्पेक्टरनं श्यामसुंदरला जीपमधून सेक्टरच्या वेशीवर सोडलं, घरी सांग स्कूटर घसरली, म्हणाला. दुसऱ्या दिवशी पेपरात मोठ्ठी बातमी! पुलाखालचा शक्तिशाली बॉम्ब जवानांनी जिवावर उदार होऊन निकामी केला, बॉम्ब ठेवणारा होडीतून पळाला, हवालदार बलकारसिंगला बक्षीस.

आठवड्यानं गळ्यात झोळी बांधून श्यामसुंदर कामावर गेला. प्रयोगशाळेचे साहेब कृष्णकांत, आपलेच नागपूरचे, पेपर पुढे धरून तावातावानं म्हणाले, “वाचलंत ना केळुसकर? निसटला हो हलकट! हातात सापडला असता तर आधी बडवून काढायला हवा होता!”

श्यामसुंदरनं सुजलेला जबडा जपत खुर्ची ओढली, सावकाश टेकला आणि म्हणाला, “बडवला असेल हो, साहेब. अगदी मनापासून बडवला असेल.”