चौथं मुसळ

दोन हजार तेवीसचा उन्हाळा होता, ऐन चटणी कांडायचे दिवस. हौसाबाई पूर्वी गायच्या, मी साथीला ढोलकीवर असायचो. गारगोटीच्या जत्रेत माझा ताल सुटला, तेव्हा तान लांबवून त्यांनी माझी अब्रू राखली होती. आता कोल्हापुरात त्यांचा मसाल्याचा कारखाना आहे. त्यांनी तातडीनं बोलावलं, म्हणून गेलो.

“वस्ताद, कांडपयंत्र बिघडलंय. मिस्त्रीला काय गावंना. उद्या माल द्यायचाय.”

“बाई, मी ढोलकीवाला हाय की! मला यंत्रातलं काय कळतंय?”

“डोळं मिटा आन् गप ऐका.”

काही उमगेना. तरी ऐकलं. मिस्त्रीनं यंत्र चालू केलं. सहा मुसळं एकामागोमाग पडत होती.

“चौथं तालाच्या मागनं पडतंय,” मी म्हणालो.

मिस्त्रीनं उघडलं. त्याच मुसळाचा नट ढिला होता. आवळून यंत्र पुन्हा सुरू केलं.

बाई म्हणाल्या, “आता बसलं तालात.”

गारगोटीचं देणं फिटलं.